शेवटच्या रांगेतल्या चौदा खुर्च्या

यार्को सुताराने मोठ्या व्याख्यानगृहातल्या खुर्च्या सोडवायला घेतल्या आणि आइरीच्या मनात पाल चुकचुकली. दुरुस्ती म्हणे! दुरुस्तीसाठी खुर्च्या दोनशे किलोमीटर लांब नेतात होय?

विद्यापीठाच्या त्या लाल विटांच्या इमारतीच्या किल्ल्या एकतीस वर्षं आइरीच्या कमरेला होत्या. इमारत सत्तावन्न सालची. दाराच्या मुठीपासून दिव्यांपर्यंत सगळं एकाच नामवंत वास्तुकाराने आखलेलं. तसल्या जुन्या बर्चच्या खुर्च्यांवर हेलसिंकीतले शौकीन कसे तुटून पडतात, हे आइरी मुद्दाम दुकानांत जाऊन बघून आली होती. बाईचा स्वभावच तसा. कुणी बाहेरून खिडकीची काच पुसली, तरी हिला वाटायचं, हा आत काय डोकावतोय!

कॉफीच्या सुट्टीत तिने यार्कोला गाठलं.

"सगळ्या परत येणार ना?"

"येतील की."

"ह्याच?"

"मग काय दुसऱ्यांच्या?" म्हणत त्याने वेलचीचा पाव कॉफीत बुडवला.

विचारलं तेवढंच सांगायचं, अशी त्या मुलखातली रीत. एरवी आइरीही तशीच. पण आज तिला ते पुरलं नाही. त्यात दुपारी यार्को पुढच्या रांगेत चक्क खुर्चीखाली उताणा पडून फोटो काढताना दिसला. गिऱ्हाइकांना दाखवायला, दुसरं काय! काय करतोयस, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण चोराला चोरी कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी कामगार यायच्या आत ती जाड काळा मार्कर घेऊन शेवटच्या रांगेत शिरली. खुर्च्यांखाली साठ वर्षांचा मळ आणि च्युइंगमची पुटं. त्यावर तिने फळीभर फुल्या मारल्या. चौदा खुर्च्या झाल्या आणि कंबरेने संप पुकारला. आता बदला म्हणावं खुर्च्या!

वसंतात खुर्च्या परतल्या. आइरी लगेच शेवटच्या रांगेत गुडघ्यांवर बसली. फळ्या लख्ख. फुली एकही नाही. ती तरातरा कॉफीच्या खोलीत गेली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "या आमच्या खुर्च्या नाहीत! चोर कुठला!"

यार्कोने कप खाली ठेवला. "त्या फुल्या तुझ्या होत्या?"

"माझ्याच. बोल आता."

यार्को उठला. तिला व्याख्यानगृहात घेऊन गेला आणि तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीखाली टॉर्च धरला. फळीवर पेन्सिलीने एक नाव लिहिलं होतं, खाली तारीख.

"ज्याने खुर्ची केली त्याचं. कारखान्यातले सुतार मालकाला कळू न देता लिहायचे. जवळजवळ प्रत्येक खुर्चीखाली आहे. त्यांच्या घरच्यांना शोधून दुरुस्तीनंतरच्या उद्घाटनाला बोलावतोय."

"आणि मागची रांग?"

"तिचे फोटो काढायचे राहिले होते. शाई काढली, तिच्याबरोबर पेन्सिल गेली."

त्याने आवाज चढवला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आइरीला वाटलं. लाजेने तिचे कान तापले.

उद्घाटनाला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या साइमाबाई आल्या, पेपरात वाचून. नवरा तोइवो त्याच कारखान्यात सुतार होता. काठी टेकत, वाकत, त्यांनी पुढच्या रांगांतली एकेक खुर्ची खालून पाहिली. शेवटी किल्ल्या बघून आइरीलाच म्हणाल्या, "तू इथलीच ना गं? तोइवोचं नाव कुठं दिसलं का? त्याच्या हातचं घरी काहीच उरलेलं नाही बघ."

यार्को जमिनीकडे बघत होता. तो काही बोलणार नव्हता. आइरीलाही गप्प राहणं सोपं होतं.

"असेल तर मागच्या रांगेत असेल," आइरी म्हणाली. "तिथली चौदा नावं माझ्यामुळे गेली. मला वाटलं, खुर्च्या चोरतायत. म्हणून खुणा केल्या."

साइमाबाईंनी मागच्या रांगेकडे मान वळवली.

"चौदातली त्याची कुठली?"

"आता नाही सांगता यायचं."

"मग चौदाही खुर्च्यांवर बसते," म्हातारी म्हणाली. "हात धर माझा. पायऱ्या उंच आहेत."