खडीच्या ढिगावरचा वर्ग

आम्ही जुने वर्गमित्र भेटलो की जेवण हमखास थंड होतं. एकाने एक आठवण काढली की दुसऱ्याला दोन सुचतात, आणि घरातली मंडळी कंटाळून ताटं उचलतात. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नगरला बी.ए. करत होतो. विषय समाजशास्त्र आणि आरोग्य. निम्मा आठवडा वर्गात, निम्मा खेड्यात. हे शिकून पुढे काय होणार, ते सरांनाही धड सांगता यायचं नाही!

*

माझे वडील कचेरीत कारकून. त्यांनी विचारलं, "म्हणजे तू डॉक्टर होणार?"

"नाही."

"कंपाउंडर?"

"नाही."

"मग दवाखान्यात काय, केर काढणार?"

आमच्या वर्गातल्या सुशीलाचं दुखणं वेगळंच. ती तिसगावकडची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, वाटायचं की पोरगी मास्तरीण होतेय. ती गावोगाव फिरून परक्या माणसांशी बाळंतपणाचं बोलते हे त्यांना कळलं तर?

"त्याच दिवशी कॉलेज बंद," ती म्हणाली. "नवरा बघूनच ठेवलाय!"

आम्ही हादरलो. ती मात्र निवांत शेंगदाणे खात होती.

*

पहिल्याच गावात एक म्हातारबाबा ओट्यावर पाय पसरून बसले होते. पायातून पांढरा दोरा बाहेर आलेला, आणि बाबा तो काडीला हळूहळू गुंडाळत होते. तो दोरा नव्हता, नारू होता. जिवंत किडा! पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन होतो, ते कपड्याने गाळून प्यावं, असं सांगायलाच आम्ही आलो होतो.

आमचा दिगंबर जागीच मटकन खाली बसला. बाबांनी घाईघाईने तांब्या मागवला, धोतराचा सोगा भांड्यावर धरला आणि त्यातून पाणी ओतलं.

"घे पोरा. तुमीच सांगितलं न्हवं, गाळून प्यायचं!"

दिगंबर उठला तो थेट एसटीच्या थांब्यापर्यंत पळाला.

*

देवीची लस टोचणारे आले की बायका पोरांना घरात कोंडायच्या. सरांनी युक्ती काढली. सगळ्यांसमोर मी आधी टोचून घ्यायचं, हसायचं. प्रत्येक गावात! दंड सुजून टम्म झाला, तरी मी आपला हसतोय. शेवटी एका आजीला माझी दया आली.

"ह्या लेकराला हाय तरी काय वं? जाईल तितं टोचून घ्यावं लागतंय!"

*

एका बाईला सुशीलाने विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

अंगणात पाच खेळत होती. मी बोट दाखवलं.

"त्या तीन पोरी हायेत!"

मला धक्काच बसला. सुशीलाने डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. "आमचे आण्णापण एकच सांगतात," ती म्हणाली. "आम्ही सहा आहोत."

*

दुष्काळ वाढला तशी गावं ओस पडली. सगळे सरकारी दुष्काळी कामावर, खडी फोडायला. मग आमचा वर्गही तिकडेच! दुपारच्या सुट्टीत कुटुंबनियोजनाचा तक्ता बाभळीला टांगायचा आणि बोलायचं. तक्त्यावर बाई आणि बाप्या, आतल्या अवयवांसकट!

एके दिवशी सर म्हणाले, "सुशीला, आज तू."

ती उभी राहिली. समोर शे-दीडशे बाया-बाप्ये. दोन वाक्यं झाली आणि ती थांबली. छडी तक्त्यावर तशीच.

"आण्णा," ती पुटपुटली.

दुसऱ्या रांगेत, उपड्या घमेल्यावर, हातात हातोडी घेऊन तिचे वडील बसले होते. ते खडी फोडायला येतात, हे तिलाही ठाऊक नव्हतं. संपलं हिचं शिक्षण!

सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "बोल की पुढे!" ते ओरडले.

तिने कसंबसं सुरू केलं. ऑपरेशन कसं करतात, किती वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी घरी. अगदी स्वतःशीच बोलल्यासारखं.

आण्णा उठले. मला वाटलं, आता हाताला धरून ओढतात.

"ए पोरी," ते म्हणाले, "मागं काय सुदिक ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल."

खाली बसता बसता पुन्हा उठले.

"आनि घरी आलीस की तुज्या आईला बी सांग."