मोघम माफी

गल्लीत सगळे तिला सरळटीप म्हणत. तोंडावर अर्थात शिंपीणबाई. मशीनवर तिची टीप ओळंब्यात पडायची आणि बाईही तशीच, नाकासमोर चालणारी. रविवारी चर्चमध्ये पहिला बाक, बाकीचे सहा दिवस मशीन. खोटं बोलणं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अशा माणसाशी संसार म्हणजे रोजची परीक्षा. तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी पेपर अर्धा टाकून उठला आणि दुकानात काजं-बटणं करणाऱ्या बाईबरोबर पळाला. जाताना अंथरुणाला खिळलेली आई बायकोच्या गळ्यात मारून गेला. सरळटीपेनं सासूचं हगणं-मुतणं पाच वर्षं काढलं. कधी कुरकुरली नाही. कुरकुर जपून ठेवली.

यंदा तो परत आला. एकटाच, पोटात गाठ, डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती. तिनं त्याला घरात घेतलं. मागच्या खोलीत खाट, धुतलेली चादर, घड्याळ लावून औषध. "बाई कसली, देवमाणूस!" म्हणून गल्ली गहिवरली. गल्लीला गहिवरायला काय लागतं?

त्याला मात्र एकच हवं होतं. "अगं, मरण्याआधी एकदा म्हण ना, माफ केलं म्हणून."

"म्हणेन की," ती म्हणाली. "आधी काय काय केलंस ते सांग. मोघम माफी मी देत नाही."

तिच्या दुकानाची रीतच होती तशी. एक टाका वाकडा गेला की तेवढाच काढायचा नाही, शिवण पहिल्यापासून उसवायची. नवऱ्याच्या पापांनाही तिनं तीच रीत लावली. तिच्या मते चुका सतरा. रोज सकाळी दुधाचा पेला हातात धरून ती स्टुलावर बसे आणि तो धापा टाकत सुरू करी, "आईला टाकून गेलो. तुझी मोठी कात्री नेली. पत्रावर पत्ता लिहिला नाही..." बाराव्या चुकीला अडखळला की ती शांतपणे म्हणे, "उसव. पहिल्यापासून." दुधावर साय धरे. शेजारी कान लावून बसत असं कुणी म्हणू नये. भिंतच पातळ होती. नववी चूक, चारचौघांत तिच्या चालीची नक्कल केल्याची, तर अख्ख्या गल्लीला पाठ झाली होती.

एका सकाळी बिचाऱ्यानं सतराच्या सतरा म्हटल्या. घामानं उशी भिजली.

"कात्री आधी आणि आई नंतर?" ती म्हणाली. "आईपेक्षा कात्री मोठी का रे तुला?" आणि पेला घेऊन उठली.

त्या दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला आले, तेव्हा तो लहान पोरासारखा रडला. "साहेब, सतरा पाठच होत नाहीत हो!"

"पाठ करायला सांगितलं कुणी?" पाळकसाहेब चक्रावले. "ख्रिस्ताशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोरानं कुठे यादी वाचली होती? माझी आठवण ठेव, एवढंच म्हणाला. त्याच दिवशी तारण झालं त्याचं. कृपा आहे ती, कमवायची नसते."

"म्हणजे फुकट?" दारातून सरळटीपेनं विचारलं.

"फुकटच, बाई. तुम्हालासुद्धा."

"मला कशाला लागतेय?" ती फणकारली आणि मशीनवर जाऊन बसली.

त्यानं भाकरीचा तुकडा खाल्ला, द्राक्षरसाचा घोट घेतला आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपला.

दुसऱ्या सकाळी ती पेला घेऊन बसली. "हं. पहिली."

"राहू दे आता," तो म्हणाला.

"राहू दे? माफी नकोय का?"

"मिळाली मला." मग तिच्या हातावर हात ठेवून, अगदी मायेनं, "आणि मीही तुला माफ केलं, बरं का."

पेला लवंडला. "मला? कशाबद्दल? काय केलं मी? बोल!"

त्यानं खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठी पडली, सुटली. "आता नाही आठवत गं."

मशीन तीन दिवस बंद राहिलं. गिऱ्हाइकं दारातून परत गेली. "एक तरी सांग," ती स्टुलावरून हलेना. तो मान हलवी, हसे, झोपी जाई. शेवटी तीच एकेक सुचवू लागली. "सासूबाई पाणी मागत होत्या आणि मी हातातली बाही संपवून उठले, ते का? तुझी पत्रं न उघडता चुलीत घातली, ते? तू यावास आणि मरायलाच यावास, असं पहिल्या बाकावर बसून मागितलं, ते?"

"नाही गं आठवत," तो पुटपुटे.

चौथ्या दुपारी तो गेला, तेव्हा ती स्वतःच्या सहाव्या चुकीवर होती. छातीचा भाता थांबलेला तिला दिसला. तिनं त्याचे डोळे मिटवले नाहीत की कुणाला हाकही मारली नाही. स्टूल आणखी जवळ ओढलं आणि सातवी सांगायला घेतली.