गॅलरीतलं एकशे बेचाळिसावं पान

नाशिकमध्ये काकांइतके लेखक कुणीच रडवले नसतील, आणि त्यांतला एक मी, हे सांगायची मला आता लाज वाटत नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे. तीही सांगणार आहे, पण आधी त्यांना पुढे घालतो. आयुष्यभर मी हेच करत आलो. अवघड वळण आलं की दुसऱ्या कुणाला तरी पुढे घालायचं.

पेशाने ते छापखान्यातले मुद्रितशोधक. निवृत्त झाल्यावर पंचवटीतल्या एका दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या संसारात, ते नवशिक्यांची हस्तलिखितं तपासून देत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते आम्हा सगळ्यांना 'लेखक' म्हणायचे, आणि ते अशा सुरात की माणसाने निमूट चपला घालून परत जावं. फी विचारली तर म्हणाले, "दर गुरुवारी पाव किलो चिवडा. कांदा मी चिरीन. रडायचं काम तुमच्याकडे." समोर आलेला मजकूर कापल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. लग्नपत्रिका आली की लाल शाईने दुरुस्त करून वधूपित्याकडे परत जाई. एका शोकसभेत गहिवरून बोलणाऱ्या वक्त्याला त्यांनी तिसऱ्या रांगेतून, "हे मघाशी येऊन गेलं," असं बजावलं, आणि तो बिचारा, त्यांच्याकडेच येऊन गेलेला 'लेखक', सवयीने 'सॉरी' म्हणून खाली बसला. काकू सांगायच्या, "लग्नाआधी यांना मी चार पानी पत्र लिहिलं होतं. दीड पान करून परत पाठवलं. खाली एक शब्द स्वतःचा : होकार." काका यावर मान वर न करता म्हणायचे, "दीडसुद्धा जास्तच होतं."

पण त्यांची खरी तऱ्हा होती ती दोरी. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर, काकूंची साडी आणि स्वतःचा पंचा यांच्या मधे, ते आमच्या हस्तलिखिताची पानं चिमट्यांनी लटकवत. लेखकाने पान आधी उभ्याने मोठ्यांदा वाचायचं, मग ते दोरीवर जायचं. तिथे आठवडाभर जाता-येता, दाढी करताना, तुळशीला पाणी घालताना ते वाचत राहायचे. पुढच्या गुरुवारी निकाल. वाळलेलं पान काढून पत्र्याच्या पेटीत. ओलं असेल तर तिथेच. "टेबलावर ठेवलं की कुठलंही वाक्य शहाण्यासारखं बसतं, लेखक," ते म्हणायचे. "चार दिवस उन्हात टांगलं की कळतं त्यात काय मुरलंय ते." खालून जाणारे भाजीवाले वर बघून विचारायचे, "काका, आज कोणाला फाशी?"

मी पाटबंधारे खात्यात कारकून, राहायला सिडकोत. पन्नाशीला आल्यावर मला आमच्या येवल्याच्या घराबद्दल लिहावंसं वाटलं. घरात पैठणीचा माग. वडील लवकर गेले आणि मागावर माझी ताई बसली. तिने विणलं, मी शिकलो. तिने लग्न केलं नाही, मी केलं. आणि पुढे तिची दृष्टी गेली. असं दोनशे पानांचं बाड घेऊन मी त्यांचा जिना चढलो. पहिल्याच गुरुवारी पहिली तीन पानं कचऱ्याच्या डब्यात गेली. "ही पानं म्हणजे तुम्ही कठडा धरून उभे आहात. सोडा आता, आणि उतरा पाण्यात." वर्षभरात माझी 'मायेची सावली' गेली, 'कष्टाचे डोंगर' गेले, दर गुरुवारी मी स्कूटरवरून घरी जाताना ठरवायचो की पुढच्या वेळी नाही यायचं, आणि बुधवारी संध्याकाळी चिवड्याच्या दुकानापुढे उभा असायचो. हळूहळू पेटी भरली. दोरीवर एकच पान उरलं, एकशे बेचाळीस.

त्या पानावर वाक्य होतं : 'क्रूर नियतीने ताईची दृष्टी हिरावून घेतली.'

पहिल्या वेळी वाचलं तेव्हा काका कांदा चिरायचे थांबले. "ही नियती कुठे राहते?"

"काका, म्हणजे... नशीब."

"पत्ता विचारतोय. बाकी पुस्तकात प्रत्येकाला घर आहे, नाव आहे. हिलाच नाही. येवल्याची आहे का?"

मी हसलो.

"का सिडकोची?"

मी हसायचा थांबलो. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, मी कधी बोललो नव्हतो. पण बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी वाचून त्या माणसाला कुठली ओळ नजर चुकवते ते कळत असावं. आठ महिने ते पान ओलंच राहिलं. मी शब्द बदलले; नियतीचं दैव केलं, दैवाचं काळ केलं. ते नुसते म्हणायचे, "लेखक, माणूस आणा."

मी माणूस आणला नाही. मी हस्तलिखित नेलं. "आता थकलो, काका," म्हणालो. त्यांनी पेटी उघडून गठ्ठा दिला. दोरीवरचं पान मात्र काढलं नाही. "ते माझ्या दोरीवरचं आहे," म्हणाले. माझ्याकडे त्याची प्रत होतीच. एका उत्साही प्रकाशकाने महिन्याभरात पुस्तक काढलं, सगळं 'हृदयस्पर्शी' ठरवून. प्रकाशनाला ताईला येवल्याहून आणून पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, आणि मी माइकवरून नेमकं तेच पान वाचलं. लोकांनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर ताईच्या दोन टाळ्या आल्या. "छान लिहिलंस," ती घरी जाताना म्हणाली. एवढंच.

काका प्रकाशनांना कधी जात नसत. त्या दिवशी आले होते. गर्दी पांगल्यावर जवळ आले, एक कपड्यांचा चिमटा माझ्या शर्टाच्या खिशाला लावला आणि निघून गेले. त्यानंतर मी पंचवटीच्या बाजूला जाणंच टाळलं. पुलापलीकडे काम निघालं की मुलाला पाठवायचो.

गेल्या दिवाळीनंतर ते गेले. कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मी चिवडा घेऊन गेलो. जिना चढल्यावर लक्षात आलं की हे काय आणलं आपण. काकूंनी पुडा घेतला आणि सवयीने कांदा काढला. दोरीवर त्यांची एक साडी होती, आणि ते पान. पिवळं, कडेने फाटलेलं.

"पावसात आत घ्यायचे, उघडलं की बाहेर," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, टाका आता, पुस्तक निघालं त्यांचं. तर म्हणाले, पुस्तक निघालंय, हे अजून व्हायचंय. आता तुम्हीच घेऊन जा बाबा. मला रिकामी दोरी बघवत नाही, आणि हेही बघवत नाही."

पानावर 'नियती' शब्दाशेजारी पेन्सिलीने एकच शब्द होता : पत्ता?

आठ दिवसांनी मी येवल्याला गेलो. ताई ओट्यावर बसून बोटांनी चाचपत, रेशमाचा धागा गुंडाळून मागाच्या कांड्या भरत होती. एवढं काम तिला अजून जमतं. मी म्हटलं, "ताई, एक पान बदललंय. वाचू?" आणि उभ्याने, मोठ्यांदा वाचलं : 'ताईने मला तीनदा फोन केला होता. मधलं दिसतंय, दोन्ही बाजूचे काठ दिसत नाहीत, डॉक्टरला दाखव म्हणाली. मी दर वेळी पुढचा आठवडा सांगितला. माझ्या मुलीच्या लग्नाची पैठणी तिच्या मागावर होती आणि ती पुरी व्हायला हवी होती. पैठणी वेळेवर झाली. काचबिंदूला तेवढा वेळ पुरला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.'

तिची बोटं थांबली होती.

"हे पुस्तकात का नाय?"

"भ्यालो."

तिने हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी वाचलं.

"तीनदा नाय," ती म्हणाली. "पाचदा केलता. दोनदा तू उचलला नाय. नीट लिही." आणि पुन्हा कांडी भरायला लागली.

तिने मला माफ केलं का, मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नाही. जेवायला मात्र तिने थांबवून घेतलं, आणि भाकरी वाढताना ताटाची कड चाचपून पाहिली.

आता सिडकोतल्या माझ्या गॅलरीत, बायकोच्या साडीशेजारी, त्याच चिमट्याने ते पान, 'पाचदा' करून पुन्हा लिहिलेलं, लावलंय. बायको विचारते, "हे किती दिवस?" मला सांगता येत नाही. गुरुवारी ऑफिसातून येताना पाय आपोआप चिवड्याच्या दुकानाकडे वळतात. पाव किलो घेतो. घरी कांदा मी स्वतः चिरतो, आणि दोरीकडे बघत बसतो. वाळलं की ओलं, ते सांगणारं आता कुणी नाही.