दोन हजार तीनशे माणसं

“बदली डॉक्टर म्हणून काय वाईट चाललंय तुझं?” रणजितचा आवाज चढला होता. “हवे ते दिवस घेतेस, महिनाभर सांगलीला जाऊन येतेस. मालकीण झालीस की दवाखान्याचा नळ गळला तरी तुलाच फोन.”

“नळ आत्ताही मीच बघते. घरचा,” वृंदा कणीक मळता मळता म्हणाली.

“बोथ ऑफ यू आर शाउटिंग,” जिन्यावरून लेक आर्या म्हणाली.

नेदरलँड्समधल्या झूटरमेरचे म्हातारे डॉक्टर विलेमसेन ऑक्टोबरात निवृत्त होणार होते. वर्षभर जाहिरात देऊनही त्यांचा दवाखाना घ्यायला कोणी पुढे आलं नव्हतं. तरुण डॉक्टरांना दुसऱ्यांच्या जागी, बदलीचंच काम हवं होतं. आसपासचे दवाखाने नवे पेशंट घेत नव्हते. कोणीच मिळालं नाही, तर दोन हजार तीनशे माणसांना डॉक्टर उरणार नव्हता. म्हणून त्यांनी आपल्याकडे बदलीवर येणाऱ्या वृंदाला विचारलं होतं. मिरजेची एमबीबीएस पदवी घेऊन ती नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली होती. डच शिकून, परीक्षा देऊन, पुन्हा शिकाऊ होऊन इथली फॅमिली डॉक्टर व्हायला तिने नऊ वर्षं घातली होती. आणि रणजितने दुसऱ्या गावात, नीउ-व्हेनेपला, बागेचं घर पसंत करून ठेवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून तिने तो कोपराने स्पीकरवर टाकला. दवाखान्यातली मार्योलाइन होती. साठ ते चौसष्ट वयाच्यांसाठीच्या कोविडच्या लशीला नऊ जण आलेच नव्हते, बाटल्या उघडलेल्या, डॉक्टर घरभेटीला गेलेले. तासाभरात लस फेकावी लागणार होती.

“फेनस्त्राला लाव,” वृंदा डचमध्ये सुरू झाली. “उशिरा उचलतो, बेल वाजत राहू दे. डी ब्राउन बाईंना सांग, बहिणीला घेऊन या, जुळ्या आहेत, दोघीही बासष्टच्या. बाकर बाई नवऱ्याला एकटं सोडणार नाहीत, त्यालाही बोलाव, तोही बसतो वयात. आणि शाळेमागचा तो सुतार, त्याला म्हणावं सायकल काढ, दहा मिनिटांत पोचशील. मी निघालेच.”

आणखी तिघं सांगून तिने नऊ माणसं पुरी केली. यादी बघितलीच नव्हती. रणजित सिंकला टेकून ऐकत राहिला.

तिने हात धुतले न धुतले आणि सायकल काढली. सुतार तिच्याआधी पोचला होता. बाकर नवरा-बायको धापा टाकत आले, डी ब्राउन बहिणी आधी कोण यावरून दारातच भांडल्या. शेवटचं इंजेक्शन टोचलं तेव्हा सात मिनिटं उरली होती. मार्योलाइनने रिकामी बाटली उजेडात धरून दाखवली आणि दोघी मास्कमागे खदखदून हसल्या.

घरी आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, दम लागला होता. रणजितने पोळ्या लाटायला घेतल्या होत्या. सगळ्या वाकड्या.

“झालं?”

“नऊच्या नऊ.”

“बदली डॉक्टरला एवढी माणसं पाठ असतात?” तो पोळपाटाकडे बघत म्हणाला.

“नसतात.” तिने कोट खुंटीला लावला, आर्यालाही हाक मारून खाली बोलावलं. दोघं समोर येईपर्यंत थांबली.

“ऑक्टोबरपासून दवाखाना मी चालवणार. आपण झूटरमेर सोडत नाही.”