येलहंक्यातलं बर्फाचं यंत्र

बर्फ उडवायचं यंत्र बंगळुरात घेऊन आलेली माझ्या माहितीतली मी एकटीच. हा पराक्रम मी ठरवून केलेला नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या ज्या गावात आम्ही अकरा वर्षं काढली, तिथे वर्षातले पाच महिने दारात बर्फ साचायचा. परत यायच्या दिवशी सामान बांधणाऱ्या माणसाने विचारलं, "गॅरेजमधलं सगळं?" मी शेजारणीचा निरोप घेण्यात गुंतले होते. "सगळं," म्हणून मोकळी झाले. पुढे बंगळुरातल्या येलहंक्याच्या घरासमोर ट्रक लागला आणि चौघांनी मिळून ते लाल धूड खाली उतरवलं. पुढे रुंद तोंड, त्यात फिरणारी दातेरी पाती, वर बर्फ लांब फेकायचं नळकांडं. एका हमालाने विचारलं, "अक्का, इदु एनु?" हे काय आहे ते मी सांगितलं. त्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि सही घेऊन निघून गेला.

प्रवासात इंजिनाला तडा गेला होता. नवऱ्याने तिथल्या तिथे निकाल दिला, भंगारात. मी मात्र ते आवारात ताडपत्रीखाली ठेवलं. गिऱ्हाईक मिळेल असं मी सगळ्यांना सांगत होते. कोण घेणार होतं, देव जाणे.

ते तिथेच काही वर्षं पडून राहिलं. तोवर अप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. निपाणीत त्यांचं ऑईल इंजिन आणि पंप दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. ते बंद केलं आणि एक ट्रंक आणि पत्र्याची हत्यारांची पेटी घेऊन ते बंगळुरात आले. वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला त्यांचा एक कडक नियम असायचा. बंद मशीनला हळदकुंकू नाही. सणाच्या आदल्या आठवड्यात ते प्रत्येक मशीन चालू करून बघत. जे चालणार नाही त्याला पूजेच्या ओळीत जागा नाही, झेंडूचं फूलसुद्धा नाही. आपला पंप बिनफुलाचा राहू नये म्हणून गिऱ्हाइकं धावत यायची.

बंगळुरात आल्यावर हाच नियम त्यांनी स्वतःच्या पेटीला लावला. पहिल्या वर्षी मी ती पुसून पाटावर मांडली, तर त्यांनी उचलून पुन्हा कॉटखाली सरकवली. "वर्षभर तिनं काय काम केलंय? राहू दे." हे ते अजिबात न रागावता म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं. पुढची दोन वर्षंही पाटावर माझा लॅपटॉप, मिक्सर आणि स्कूटरची किल्ली होती. पेटी नव्हती. ती एकदा तरी पाटावर बघायची, एवढंच मला हवं होतं.

दारातल्या पर्जन्यवृक्षाच्या पाल्याने आमचं आवार बारा महिने भरलेलं असतं. चौथ्या वर्षी पाला झाडताना माझं डोकं फिरलं आणि मी ताडपत्री ओढून काढली. बर्फ उडवतं ते पाला का नाही उडवणार? नवरा म्हणाला, "खंडेनवमीपर्यंत चालू झालं नाही तर भंगारवाल्याला मीच फोन करणार." मी तावातावाने हो म्हणून बसले.

पहिल्याच नटाने मला जागेवर आणलं. माझे पाने मिलिमीटरचे, यंत्र इंचाचं. पाना नटावर नुसता गरगर फिरायचा. अप्पा खुर्चीत बसून बराच वेळ बघत होते. "नटाचे कोपरे खातीस की गं," म्हणाले आणि आत गेले. आले ते पेटी घेऊन. त्यांच्या जुन्या इंजिनांचे पाने इंचाचेच होते. अर्ध्या इंचाचा पाना पहिल्या झटक्यात बसला. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून पाना धरायचा मी आणि किती पिळायचं ते सांगायचं त्यांनी, असं ठरलं.

नवं इंजिन आणायला मी गेले तेव्हा त्यांनी बजावलं होतं, इंजिनाचा दांडा कुठल्या बाजूला फिरतो ते बघून घे. मी कसली बघते. दुकानदाराने दाखवलेल्यांपैकी "जोर जास्त" असलेलं निवडलं. त्याच्या आतच गिअर होते आणि त्यांच्यामुळे दांडा उलटा फिरत होता, हे मला घरी कळलं. मी दिमाखात पुढे जायचा खटका दाबला आणि यंत्र मागे निघालं. मला ढकलत, तुळशीची कुंडी आडवी करत ते कुंपणाला जाऊन टेकलं. अप्पा खुर्चीत हसून हसून वाकले. "अगं, तुझं मशीन पाल्याला घाबरून पळालं." बंगळुरात आल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. मला राग यायला हवा होता, पण यंत्र पुन्हा एकदा मागे चालवून दाखवावं असंच वाटत होतं.

दुकानदाराने "सरी मॅडम" म्हणत इंजिन बदलून दिलं. या इंजिनाचा दांडा जाड होता, तो जुन्या पुलीत जाईना. मग पुलीचं भोक मोठं करायला लेथवाल्या अण्णांकडे दोन खेपा झाल्या. दोन्ही खेपांना अप्पा स्कूटरवर माझ्या मागे बसले होते, पेटी मांडीवर घेऊन. माझ्यावर विश्वास नव्हता, हे उघड आहे.

खंडेनवमीच्या सकाळी शेवटचा नट पिळून अर्ध्या इंचाचा पाना मी खिशात टाकला. दोरी तिसऱ्यांदा ओढली तेव्हा इंजिन चालू झालं. या वेळी यंत्र पुढे गेलं. पाला तोंडातून आत गेला आणि नळकांड्यातून उडून खताच्या खड्ड्यात पडला. थोडा शेजारच्या अक्कांच्या वाळत घातलेल्या साड्यांवरही पडला, त्याबद्दल मी नंतर माफी मागितली. नवऱ्याने यंत्राला झेंडूची माळ घातली. इथल्या रिवाजाप्रमाणे यंत्रासमोर फोडायचा कोहळाही त्यानेच आणून ठेवला.

मी हळदकुंकू आणायला आत गेले. परत आले तर यंत्रासमोरच्या पाटावर पेटी होती, पुसलेली, उघडी. आत पाने मापाप्रमाणे ओळीने लावलेले, मध्ये एक जागा रिकामी. अप्पांनी माझ्यापुढे हात केला.

"खिशातला पाना दे," ते म्हणाले. "तोही चाललाय की यंदा."