विमानातली कदेल

मुलगी आठ महिन्यांची असताना मी तिला घेऊन हैदराबादला परत निघाले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं तिला गाडीत बसवायच्या कार सीटविषयी एक मत होतं आणि ते प्रत्येकाने मला किमान दोनदा ऐकवलं होतं. बाळंतपणासाठी मी डिचोलीजवळच्या माहेरी आले होते. नवरा हैदराबादला नोकरीवर होता. माझी रजा संपत आली होती. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे मला पोचवायला बाबा येणार होते. बाबांनी तीस वर्षं खाणीवर टिपर चालवला. खाणीतून माती भरायची, नदीवरच्या धक्क्यावर नेऊन ओतायची, पुन्हा खाणीवर. विमानात ते कधी बसले नव्हते. बसायची हौसही नव्हती.

त्या सीटला बाबा पहिल्या दिवसापासून कदेल म्हणत. आमच्याकडे खुर्चीला म्हणतात तसंच. “बाये, चेडवाक असा बांधून घालतत काय गो त्या कदेलीक?” हे ते रोज सकाळी चहाबरोबर विचारत. मी रोज तेच उत्तर देई. दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा हजर.

ती सीट घेण्यामागे कारण होतं. मुलगी चार महिन्यांची असताना मावसभावाच्या गाडीतून आम्ही म्हापशाहून येत होतो. अस्नोड्याच्या पुढे रस्त्यात म्हैस आली, त्याने करकचून ब्रेक दाबला आणि मांडीवरची मुलगी माझ्या दोन्ही हातांतून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. डॉक्टरांनी बघितलं, काही नाही म्हणाले. घरातली सगळी दोन दिवसांत विसरली. मला ते विसरता येईना, कारण मी तिला घट्ट धरलं होतं. झोपेत नव्हते, मोबाइल बघत नव्हते. घट्ट धरूनही ती सुटली होती. मग मी कार सीट मागवली आणि त्यानंतर मुलीला त्या सीटशिवाय गाडीत बसवलं नाही.

आता विमानाचं आलं. सीट सामानात टाकली तर आपटून तडा जातो, हे एका मैत्रिणीच्या बाबतीत घडलेलं मला ठाऊक होतं. शिवाय मांडीवरून मूल कसं सुटतं तेही आता ठाऊक होतं. म्हणून मी ठरवलं, मुलीसाठी वेगळी जागा घ्यायची आणि त्या जागेवर ही सीट बांधून तिला बसवायचं. विमान कंपनीला फोन केला. पहिल्या बाईंनी सांगितलं, चालेल. दुसऱ्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, असं काही नसतंच. तिसऱ्या वेळी कळलं, की चालतं. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं तिकीट मांडीवरचंच निघतं, जागा हवी तर मोठ्या मुलाचं तिकीट काढा. मी म्हटलं, हे सगळं मला लेखी द्या. चार दिवसांनी मेल आला. सीट विमानात वापरायला योग्य असल्याची पट्टी तिच्यावर हवी, जागा खिडकीकडची हवी, आणि विमानाच्या पट्ट्याने ती घट्ट बांधता आली पाहिजे. आमच्या सीटवर तशी पट्टी होती. डिचोलीच्या बाजारात जाऊन मी त्या मेलच्या तीन प्रती काढल्या. दुकानदाराने मजकूर वाचला आणि तोही म्हणाला, “एवढ्याशा पोराला कशाला हो खुर्ची?”

विमान दुपारचं होतं. मोपाचा विमानतळ आमच्यापासून तासाभरावर, तरी आम्ही साडेतीन तास आधी निघालो, कारण मला माझं नशीब ठाऊक होतं.

काउंटरवरच्या मुलीने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं.

“मॅडम, हे तिकीट मोठ्या मुलाचं आहे. जन्मतारीख तर आठ महिन्यांपूर्वीची आहे.”

“हो. तुमच्याच लोकांनी तसं काढायला सांगितलं.”

“पण सिस्टीम घेत नाही.”

मी मेलची पहिली प्रत पुढे केली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि शेजारच्या मुलाला दिली. त्याने वाचली. मग दोघांनी मिळून वाचली. मागे रांग वाढत होती. बाबा मुलीला कडेवर घेऊन सरकत्या जिन्याकडे बघत उभे होते.

“मॅडम, तुम्ही बेबीला मांडीवर घ्या ना,” ती मुलगी अगदी समजुतीने म्हणाली. “सगळे तसंच करतात. सीट आम्ही खाली सामानात पाठवतो. त्याचे पैसे नाही घेणार.”

जणू ती माझ्यावर उपकार करत होती. मी म्हटलं, तुमच्या साहेबांना बोलवा. साहेब वीस मिनिटांनी आले. त्यांनी मेल वाचला, सीट उलटीपालटी करून पट्टी बघितली, कुणाला तरी फोन केला, हो-हो म्हणाले आणि पडद्यावर काहीतरी दाबलं. तीन बोर्डिंग पास सरळ बाहेर आले. म्हणजे ते होण्यासारखं होतं. पहिल्यापासूनच होण्यासारखं होतं.

सुरक्षा तपासणीत सीट यंत्राच्या तोंडात मावली नाही. जवानाने ती बाजूच्या टेबलावर घेऊन हाताने तपासली. गादी सोडवली, पट्टे खेचले, कप्प्यातून केळ्याचा वाळलेला तुकडा आणि अर्धं बिस्किट काढून माझ्यासमोर ठेवलं. माणूस सभ्य होता, त्याने गादी परत नीट बसवायचा प्रयत्नही केला. तेवढ्यात पलीकडे बाबांना थांबवलं होतं. त्यांच्या पिशवीत अडकित्ता निघाला. निघण्याआधी मी त्यांना चार वेळा विचारलं होतं, पिशवीत टोकदार काही नाही ना. चारही वेळा नाही म्हणाले होते.

“ता काय टोकदार? ती सुपारी कातरूची वस्तू,” ते जवानाला समजावत होते.

अडकित्ता तिथेच राहिला. सीटची गादी बसवण्यात गुंतलेल्या माझ्याकडे बघून बाबा म्हणाले, “तुजा सगळा लक्ष त्या कदेलीत. म्हणान माजो अडकित्तो गेलो.” माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण मुलगी रडायला लागली, म्हणून मी ते गिळलं. त्या दिवशी मी अशी बरीच उत्तरं गिळली.

विमानातली वाट इतकी अरुंद, की सीट डोक्यावर आडवी धरूनच चालावं लागलं. एकाच्या कोपराला लागली, एकाच्या वर्तमानपत्राला. माफ करा, माफ करा म्हणत मी आमच्या रांगेपर्यंत पोचले. खिडकीची जागा मुलीची, मधली माझी, कडेची बाबांची. मी सीट ठेवली, विमानाचा पट्टा मागच्या खाचेतून ओवला, बकल लावायला गेले, तर ते नेमकं खाचेच्या कडेवर येऊन बसलं. क्लिक झालं, पण पट्टा सैल. सीट हाताने हलवली की डुलायची. गाडीचा पट्टा लांब असतो, खांद्यावरूनही येतो. विमानाचा आखूड, कमरेपुरता. घरात मी पन्नास वेळा हे मनात करून बघितलं होतं आणि मनात ते प्रत्येक वेळी जमलं होतं.

हवाई सुंदरी आली. तिने ओढून बघितलं. मग दुसरी, वयाने मोठी, आली. ती म्हणाली, “मॅडम, घट्ट बसत नसेल तर चालणार नाही. दार बंद व्हायला दहा मिनिटं आहेत. तोपर्यंत नाही झालं तर सीट खाली जाईल आणि बेबी मांडीवर.”

नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं. तेच तर जास्त लागलं. मी गुडघ्यावर बसून पट्टा ओढत होते. घाम कानामागून उतरत होता. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, घ्या ना मांडीवर, तासाभराचा तर प्रवास.” पलीकडच्या रांगेतल्या बाईंनी, आपण तीन मुलं मांडीवरच वाढवली आणि तिन्ही धडधाकट आहेत, अशी माहिती दिली.

बाबा इतका वेळ मुलीला धरून वाटेत उभे होते. त्यांनी मुलगी हवाई सुंदरीच्या हातात दिली, न विचारता, जशी शेजारणीकडे देतात तशी. मग मला म्हणाले, “वायच सर.”

“बाबा, तुम्हाला नाही जमणार. त्याची पद्धत असते.”

“सर म्हणतंय ना.”

मी सरले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टा पूर्ण बाहेर काढला आणि बोटांनी चाचपला. बकलाची बाजू त्यांनी दोन पीळ देऊन आखूड केली, त्यामुळे बकल खाचेच्या आतच राहिलं. मग डावा गुडघा सीटमध्ये रोवून सगळा भार टाकला आणि पट्ट्याचं मोकळं टोक दोन्ही हातांनी एकदाच हिसकलं. टिपरवर ताडपत्री आवळताना ते असंच करत. लहानपणी मी ते रोज बघितलं होतं, पण आज ते मला सुचलं नव्हतं.

“आता हलय बघूया,” ते म्हणाले.

मोठ्या हवाई सुंदरीने दोन्ही हातांनी सीट हलवली. सीट हलली नाही. तिने पीळ बघितला, बकल उघडतं ना ते उघडून, पुन्हा लावून बघितलं आणि मान डोलावली. मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. ते कडेच्या जागेवर बसले आणि त्यांचा स्वतःचा पट्टा कसा लावायचा ते मला विचारलं.

मी मुलीला सीटमध्ये बसवलं. तिने विमान हलायच्या आधी जे तोंड उघडलं ते ढगांच्या वर जाईपर्यंत मिटलं नाही. गाडीत ती त्याच सीटमध्ये गाढ झोपायची. इथे तिला कुणीतरी फसवून आणल्यासारखा तिचा आवाज होता. मी खुळखुळा दिला, तिने फेकला. पाणी दिलं, थुंकलं. पुढच्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून बघितलं. बाबा माझ्या कानाशी लागले.

“काड गो तिका भायर. गळो सुकतलो पोराचो.”

“वरचा पट्ट्याचा दिवा जाईपर्यंत नाही काढायची.”

“तू आवय मां तिची?”

हे मला फार लागलं. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, “आई आहे म्हणूनच.” दहा मिनिटांनी तो दिवा गेला, मी तिला सोडवून मांडीवर घेतलं, आणि ती क्षणात गप्प. डोळ्यांत पाणी तसंच आणि हात बाबांच्या खिशातल्या पेनाकडे. एवढ्या खटपटीने मिळवलेली तिची जागा मोकळी. पलीकडच्या बाईंनी ती मोकळी सीट बघितली, मग मला बघितलं.

अर्ध्या तासाने विमान हादरायला लागलं. दिवा पुन्हा लागला. मी मुलीला सीटमध्ये घालायला गेले तर तिने अंग फळीसारखं ताठ केलं. वाकवेना. बाबांनी माझ्या पुढून हात घालून तळवा तिच्या पोटावर टेकवला आणि हुं-हुं करत हलकेच दाबला. ती वाकली. मी पट्टे लावले. पुढची पंधरा मिनिटं विमान खड्ड्यांतून चालल्यासारखं चाललं. कुणाचा तरी पाण्याचा ग्लास सांडला. पलीकडच्या बाईंनी डोळे मिटून खुर्चीचे हात धरले होते. बाबांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मुलगी त्या हादऱ्यांत झोपून गेली. सीट जागची हलली नाही.

मग सगळं शांत झालं. काहीच झालं नाही. मला ते बरंही वाटलं आणि त्याचा रागही आला. काही झालं नाही म्हणजे सीटची गरज नव्हती, असंच सगळे म्हणणार. काही झालं असतं तरच मी शहाणी ठरले असते, आणि तसं शहाणं ठरायची मला इच्छा नव्हती. हे मी कुणाला सांगणार होते?

हैदराबादला नवरा टॅक्सी घेऊन आला होता. त्याने मुलीला आधी उचललं, मग बाबांच्या पाया पडला, मग सीट बघून म्हणाला, “आणलीस शेवटी.” मी टॅक्सीचं मागचं दार उघडलं. मागच्या बाकावर चकचकीत नवं कव्हर घातलेलं. पट्टे आणि बकलं सगळी त्याच्या खाली गडप. ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, मागे पट्टा कुणी लावत नाही, मॅडम.

“अगं, तीस किलोमीटर तर आहे,” नवरा म्हणाला. “आजच्या दिवस मांडीवर घे.”

फोनवरून रोज मला पाठिंबा देणारा हा एकच माणूस होता. मुलगी त्याच्याकडेच राहू दिली, मागच्या बाकावर गुडघे टेकले आणि कव्हरचं इलास्टिक ओढायला लागले. ड्रायव्हर कुरकुरला. मी ऐकलं नाही. फटीत हात घातला, नख तुटलं, शेंगदाण्याची टरफलं हाताला लागली, एक जुनं नाणं लागलं आणि मग बकल लागलं. बाबा टॅक्सीच्या बाहेर उभे राहून बघत होते. नवरा काहीतरी म्हणायला गेला, तेव्हा ते त्याला म्हणाले, “करू दी तिका.”

पंधरा मिनिटं गेली. सीट बसली. मुलगी गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच झोपली. नवऱ्याने पुढून वळून विचारलं, “विमानात फार त्रास नाही ना झाला?”

बाबा काचेतून बाहेर बघत राहिले. मी मुलीच्या सीटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. घरी पोचल्यावर चहा त्याने केला, आणि बाबांनी आईला फोन लावून पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर अडकित्ता गेला ते.