काकांचा पाचवा डोस

मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. एका आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचं काम करत होते. चुका काढायचा पगार मिळतो हे कळल्यावर अर्ध्या नारायण पेठेला माझा हेवा वाटला होता. मग केमो सुरू झाली, रजा लागली, केस गेले. नवरा सकाळी हिंजवडीला जायचा तो दिवेलागणीनंतरच उगवायचा. दिवसभर घरात मी आणि माझ्या निवृत्त शिक्षिका सासूबाई.

भेटायला येणाऱ्यांनी तर उच्छाद मांडला होता. एक बाई म्हणाल्या, "माझ्या मावसजावेला अगदी हेच झालं होतं."

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"गेली हो!"

"बरं झालं सांगितलंत," सासूबाई म्हणाल्या. "आमची चिंता मिटली." त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत.

घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. माझा जीव रमावा म्हणून नवऱ्याने कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन खेळ सुरू करून दिला. त्यात माणसं आपापलं सोंग घेऊन शिरतात, टीम करतात आणि राक्षस मारतात. मी हीलर झाले. हीलर म्हणजे लढणाऱ्यांच्या मागे उभं राहून मंत्राने त्यांच्या जखमा भरणारा. माझा हीलर होता आडदांड, आणि त्याला छातीपर्यंत दाढी. डोक्यावर एक केस नसताना एवढी दाढी फुकट मिळत होती, कोण सोडणार?

पुण्यातल्याच काही मुलांच्या टीममध्ये मला जागा मिळाली. म्होरक्या यवतमाळकडचा. वाघोलीत खोली घेऊन राहायचा, कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि झोप झाली की दुपारी खेळायचा. मुलं घाईघाईत अर्धी अक्षरं खाऊन मेसेज लिहायची. मी पहिलाच मेसेज लिहिला तो पूर्णविरामासकट: "आपण कृपया माझ्यासमोर उभे राहू नये. मला उपचार करता येत नाहीत."

उत्तर आलं, "हो काका."

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचीच बाकी होते. एवढं शुद्ध आणि एवढं खडूस लिहितो म्हणजे हा पेठेतला पेन्शनर, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. मीही मग 'येतो', 'करतो' लिहू लागले. काकांचा संसार उभा केला. काका बँकेतून निवृत्त झाले, गुडघेदुखीने बेजार झाले, दूधवाल्याशी रोज भांडू लागले. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि भर घालायच्या. "काकांना मधुमेह नको हं, गोड खाऊ दे बिचाऱ्यांना." लढाई पेटली की मास्तरीण जागी व्हायची: "अगं, तो मागचा बघ, मरतोय! आधी त्याला!" सगळ्यांना वाचवता वाचवता मी स्वतःवर मंत्र टाकायला विसरायचे आणि आडवी व्हायचे. म्होरक्या कळवळून लिहायचा, "काका, स्वतःकडे पाहा न जरा!"

मला ते दिवस आवडायला लागले होते, हे सांगायला आजही चोरट्यासारखं वाटतं. एकीकडे ओकाऱ्या आणि एकीकडे धमाल. काकांना कॅन्सर नव्हता, ही त्यातली सगळ्यात मोठी मजा.

चौथ्या डोसाने मात्र माझं कंबरडं मोडलं. तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, गाठी विरघळतायत, पण राहिलेले दोन डोस घेतलेच पाहिजेत. मी घरी जाहीर केलं, "आता बास. पाचवा घेणार नाही." नवऱ्याने समजावलं, हात जोडले, चिडला. सासूबाई नुसत्या भाजी निवडत बसल्या आणि चांगली पानंही टाकून देत राहिल्या.

त्याच दुपारी म्होरक्याने विचारलं, "काका, शनिवारी मोठा राक्षस हाय. येता न?"

मी लिहिलं, "शनिवारी केमोसाठी बोलावले आहे. कॅन्सर आहे. पण मी जाणार नाही. त्यामुळे मोकळा आहे."

लिहिलं आणि पडद्यावरच्या त्या दाढीवाल्याकडे बघून मला भडभडून आलं. इतके दिवस स्वतःसाठी एक टिपूस न गाळणारी मी, काकांसाठी हुंदके देऊन रडले. चांगला माणूस, गुडघे धरत सगळ्यांच्या जखमा भरणारा, आणि हा डोस सोडतो म्हणतो? मला त्यांना बखोटीला धरून न्यावंसं वाटलं.

म्होरक्याचं उत्तर आलं. "काहून नाही जात काका? माह्या बाबाले दवाखाना लांब पडला. मी इकडं कामावर, नेणारं कोणी नव्हतं, गेले ते. तुमाले मी नेतो. शनिवारी पाळी सुटली का येतो दवाखान्यात." त्याने दवाखान्याचा पत्ता विचारला आणि मी दिलाही.

झालं! माणूस रात्रभर काम करून वाघोलीहून येणार आणि आपण तिथे नाही? वेळ देऊन हजर न राहणं म्हणजे आमच्या घरात महापाप, त्याला कॅन्सरचीही सबब चालत नाही. शनिवारी मी चरफडत निघाले. "मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "काकांचे पाहुणे येणार आहेत."

मला सलाइन लागलं. थोड्या वेळाने दारात एक काटकुळा तरुण उभा राहिला, हातात मंडईतून घेतलेल्या मोसंब्यांची पिशवी. त्याने वॉर्डवर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या एका दाढीवाल्या आजोबांचे थेट पाय धरले. "काका, आले तुमी!"

आजोबा दचकून म्हणाले, "अहो, आपण कोण? पाय सोडा आधी!"

मी इतकी हसले की सलाइनची नळी हलायला लागली. नर्स रागवली. मी कसाबसा हात वर केला. "इकडे या. काका मीच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं.

"मंग दाढी?" त्याने विचारलं.

"केमोत गेली," सासूबाई म्हणाल्या.

तो हसला, आणि हसता हसताच त्याने बाहीने डोळे पुसले. स्टूल ओढून बसला. त्याच्या डोळ्यांवर रात्रपाळीची झोप दाटली होती, मान पुढे कलत होती, तरी दचकून जागा व्हायचा आणि आधी बाटलीकडे बघायचा, मग माझ्याकडे. सलाइन संपून नर्सने सुई काढेपर्यंत तो जागचा हलला नाही. मला वाटतं, त्या शनिवारी तो एकट्या मलाच दवाखान्यात घेऊन आला नव्हता.

निघताना त्याने विचारलं, "पुढचा कधी हाय?"

सासूबाई एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी तारीख सांगितली.